पाचवीच्या वर्गातली तुमची जागा

बाबा, ही वैशाली कोण, ते आधी सांगा.

तुम्ही गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी ती आली. वंदना आटोपली होती, लोक जेवायला बसले होते, मी भात वाढत होते. पांढरी साडी, खांद्याला पर्स, चेहरा अजिबात ओळखीचा नाही. सरळ तुमच्या फोटोपुढे गेली, मेणबत्ती लावली आणि अशी रडली की मी पातेलं हातात धरून उभीच राहिले. सख्खी मुलगी मी, आणि माझ्यापेक्षा जास्त रडणारी ही कोण? आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. शेवटी मीच जवळ गेले.

"ताई, मी वैशाली," ती म्हणाली. "काका माझ्या मिटिंगले येत होते ना, शाळेत. मी पाचवीत होती, तुम्ही आठवीत. माझ्या बाबाले सुट्टीच भेटत नव्हती, त कोणी यायचंच नाही माझं. काका येऊन बसत मागच्या बाकावर. मान खाली घालून. मधातच एकटे एकटे मान हलवत, त आम्ही पोरी हसत होतो, का काकाले झोप लागून राहिली म्हणून."

ती हसली आणि पुन्हा रडायला लागली. मी पातेलं खाली ठेवलं. आपली खापरखेड्याच्या कॉलनीतली शाळा, तोच शनिवार, तीच वेळ. सगळ्या वर्गांच्या पालकसभा एकदमच भरायच्या. आणि बाबा, आठवीपासून दहावीपर्यंत तुम्ही माझ्या एकाही सभेला आला नाहीत.

मी वकील बाई. रोज कोर्टात लोकांना आडवेतिडवे प्रश्न विचारून त्यावर पोट भरते. आणि आपल्याच बापाची उलटतपासणी राहून गेली. आता ती मी एकटीच करते आहे. तुम्हाला स्वतःबद्दलच्या गोष्टी ऐकायला मुळीच आवडायचं नाही, चहाचं निमित्त काढून उठून जायचात. आता उठता येणार नाही. ऐका.

सुरुवात तुमच्या घोळापासून झाली. मी तिसरीत होते. तुम्ही रात्रपाळी करून आला होतात आणि मी सांगितलं की आज शाळेत पालकांना बोलावलंय. आई कापूस वेचायला मामाच्या शेतावर सावनेरकडे गेली होती. तुम्ही तोंडावर पाणी मारलं, केसांना तेल लावलं आणि निघालात. तो माता-पालक मेळावा होता. हळदीकुंकू, उखाणे, संगीत खुर्ची, सगळ्या बायाच बाया. मुख्याध्यापिका बाई अवघडून म्हणाल्या, "भाऊ, आज फक्त आयांना बोलावलंय." तुम्ही म्हणालात, "तिची आई गावाले गेली मॅडम. तिच्या जागेवर मी हाव." ड्यूटीवर बदली माणूस द्यावा तसं!

तेवढ्यावर भागलं असतं. पण संगीत खुर्ची हाही सभेचाच भाग आहे, खेळलं नाही तर पोरीचे मार्क कापतील, असं तुम्हाला वाटलं. तुम्ही खेळलात. मन लावून खेळलात. शेवटी एक खुर्ची उरली, एकीकडे तुम्ही आणि एकीकडे वानखेडे काकू. गाणं थांबलं आणि तुम्ही बसलात. बाया हसून हसून खाली बसल्या. बक्षिसाचा स्टीलचा डबा काखेत मारून तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून घरी आणलंत. त्या डब्यात आई अजून तिखट ठेवते. वर्गातल्या पोरी मात्र मला महिनाभर चिडवत होत्या, "सुजाताचे बाबाच तिची आई आहेत." मला त्याचं काय वाटलं? खोटं कशाला सांगू, मला भारी वाटलं. त्यांच्या घरून कोणीच आलं नव्हतं, त्यातल्या बऱ्याच जणींच्या.

त्या दिवसापासून तुम्हाला सभेचं वेडच लागलं. महिन्याचा एक शनिवार. वानखेडे काकांशी ड्यूटी बदलून घ्यायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं. गुडघे त्या बाकात मावत नसत, म्हणून तिरपे बसायचात. तुम्ही मार्क कधी विचारले नाहीत. "पोरगी बोलते काय वर्गात?" एवढाच तुमचा प्रश्न.

काहून बाबा? मला तेव्हापासून कुतूहल आहे. एकदाच, मी कॉलेजात असताना, तुम्ही थोडं उलगडलंत. तुमचे वडील तुमच्या शाळेत एकदाच आले होते, तुमचं नाव घालायला. गुरुजींनी आत या म्हटलं, तरी ते वऱ्हांड्याच्या पायरीखालीच उभे राहिले. छप्पन साली दीक्षा घेतलेला माणूस. तुम्ही म्हणाला होतात, "मन बदललं होतं त्याचं. पायाले टाइम लागला." आणि लगेच, "चहा मांड वं." म्हणून तुम्ही आत येऊन बसायचात का? दोघांच्या वाटणीचं?

ठोंबरे मॅडम आमच्या वर्गशिक्षिका. सभेत एकेका मुलाला उभं करून त्या आईबापांसमोर काहीतरी विचारायच्या. माझं नाव आलं की मी आधी मागे वळून तुमच्याकडे पाहायची. तुमची मान एकदा खाली जायची, सावकाश. पॉवर हाउसात बॉयलरच्या त्या आवाजात तोंडानं बोललेलं ऐकू जात नाही, तुम्ही सगळे तिथे मानेनं आणि हातानंच बोलायचात, आणि तीच सवय घरातही होती. मान खाली गेली, म्हणजे मनात आहे ते बरोबर, असं समजून मी उत्तर द्यायची.

वटवाघळाची गोष्ट आठवते ना? ती तर मी माझ्या लग्नाच्या मांडवातही सांगितली होती. सातवीचं वर्ष संपत आलं होतं. मॅडमनी विचारलं, "वटवाघूळ पक्षी आहे की सस्तन प्राणी?" मी मागे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "पक्षी." मॅडम म्हणाल्या, चूक. मी म्हटलं, "नाही मॅडम, बरोबर आहे. बाबांनी मान हलवली." सगळा वर्ग हसला, पालक हसले, मॅडम हसल्या. मी गोंधळून तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही हसत नव्हतात. पण गोष्ट सांगताना हे शेवटचं मी कधी सांगितलं नाही, कारण त्यात गंमत नव्हती.

आठवीच्या पहिल्या सभेला शेवटचा बाक रिकामा होता.

मला वाटलं, ड्यूटी असेल. दुसऱ्या सभेलाही नाही, तिसऱ्यालाही नाही. मॅडमनी नाव घेतलं की मान आपोआप मागे जायची आणि नजर रिकाम्या बाकावर आपटून परत यायची. पहिल्यांदा तर मी बोललेच नाही, उभी राहिले आणि बसले. आमच्या वर्गात आणि पलीकडच्या पाचवीत भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं. त्यांचे पाढे आम्हाला ऐकू यायचे, आमची कविता त्यांना. मला आठवतं, मी गप्प उभी आणि पलीकडून बाक सरकल्याचा आवाज. घरी येऊन मी विचारलं, "बाबा, तुम्ही काहून नाही आले?" तुम्ही म्हणालात, "ड्यूटी होती वं." ड्यूटी काय सातवीपर्यंत नव्हती? मी रागानं जेवले नाही, आणि तुम्ही मनवलंसुद्धा नाही. त्याचा राग वेगळा.

पुढे हा आपला कायमचा मुद्दा होऊन बसला. दहावीचा निकाल लागला तेव्हा, वकिलीची सनद मिळाली तेव्हा, मी मिलिंदशी लग्न ठरवलं तेव्हा. प्रत्येक भांडणात फिरूनफिरून मी तिथेच यायची, "तुम्ही माझ्या शाळेत यायचं सोडून दिलं." आणि तुमच्या तोंडात मिठाची गुळणी. मी माझे माझे अंदाज बांधले. मुलगी मोठी झाली म्हणून लाजले असतील. वर्ग हसला म्हणून अपमान वाटला असेल. एकदा तर वाटलं की माझ्यातला तुमचा रसच संपला. तो अंदाज मी बरीच वर्षं उराशी धरून होते, बाबा. तो तुम्हाला कळावा म्हणून लिहीत नाही. होता, एवढंच.

शेवटचं भांडण याच हिवाळ्यात, प्रताप नगरला माझ्या घरी. सम्यकच्या शाळेचा विषय निघाला आणि तुम्ही मिलिंदला म्हणालात, "जवाईबापू, तुम्ही जात जा ना पोराच्या मिटिंगले." मिलिंदनं मोबाइल पुढे केला, "बाबा, आता सगळं ॲपवर येते. हे पाहा मार्क, हे पाहा हजेरी." तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत. "याच्यात पोरगा दिसते काय?" आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, "हे कोण सांगून राहिलं पाहा!"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. काहीतरी बोलणार होतात, मला आता खात्री वाटते. मग हसलात. "चहा मांड वं."

मी चहा मांडला. तिथेच फसले. दुसऱ्या कोणत्या साक्षीदाराला मी असा सोडला असता का?

वैशाली गेल्यावर मी आईच्या खनपटीला बसले. आई म्हणाली, "मले काय माहीत वं! इस्त्रीचा शर्ट घालून जाये एवढं खरं. मले वाटे तुह्याच वर्गात जाते." "तू कधी विचारलं नाही?" "तो काही सांगत होता काय कोणाले? इतकी वर्षं मी भाजीत मीठ किती टाकू तेही त्याच्या मानेवरून ओळखलं."

मग वानखेडे काका. त्यांचे आता गुडघे गेलेत, पण डोकं शाबूत आहे. म्हणाले, "तू दहावी होईपर्यंत तुहा बाप शनिवारची ड्यूटी माह्यासंग बदलत होता. एक मिटिंग सोडली नाही त्यानं." मी म्हटलं, "काका, ते माझ्या वर्गात येतच नव्हते." काका चकित झाले. मग मी मानेचं विचारलं. एकदा खाली, सावकाश, म्हणजे बरोबर, असंच ना? काका हसले. "नाही वं पोरी. बरोबर-चूक काय सांगते मान? त्याचा मतलब, मी इथंच उभा हाव, तू तुह्यं काम कर. बस."

बाबा, मी कॉलनीच्या रस्त्यावर गाडीत बसून राहिले. मी तुमच्या मानेचा अर्थच चुकीचा लावला होता, तिसरीपासून. तुम्ही म्हणत होतात, मी आहे. मी ऐकत होते, पक्षी.

ठोंबरे मॅडम निवृत्त होऊन सावनेरला मुलाकडे असतात. मी फोन करून गेले. त्यांनी मला ओळखलं, आणि मी प्रश्न पुरा करायच्या आधीच म्हणाल्या, "म्हणजे सांगितलंच नाही त्यांनी तुला?"

वटवाघळाच्या दिवशी सगळे गेल्यावर तुम्ही थांबला होतात म्हणे. मॅडमना विचारलंत, "मॅडम, हे कधीपासून चालू आहे?" त्यांनी खरं ते सांगितलं, की पोरगी हुशार आहे, पण मागे पाहिल्याशिवाय तोंड उघडत नाही. आणि तुम्ही नसता त्या एरवीच्या दिवशी हात वर करत नाही. तुम्ही त्या लहान बाकावर पुन्हा बसलात.

"मग म्हणाले, मी येणार नाही आता," मॅडमनी सांगितलं. "मी म्हटलं, अहो, येणं कशाला बंद करता? या, फक्त मान हलवू नका. तर म्हणाले, 'मान नाही थांबत मॅडम, कामाची सवय हाये.' उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. 'पण शनिवारची सवयही नाही सुटत. दुसऱ्या कोणत्या वर्गात जागा हाये काय?' मला हसावं की रडावं कळेना. पाचवीत कंत्राटी कामगारांची मुलं होती, कोळसा उतरवणाऱ्यांची. त्यांचे आईबाप कधीच यायचे नाहीत, खाडा झाला की रोजी बुडायची. म्हटलं, तिथे बसा."

"आणि मला काहून नाही सांगितलं?" माझ्या तोंडून घरचीच भाषा निघाली.

मॅडम म्हणाल्या, "मी सांगा म्हटलं होतं. तर म्हणाले, 'मी पलीकडे हाव हे तिले समजलं, त पोरगी पार्टिशनकडे पाहीन मॅडम.'"

मी रडले नाही. खरं सांगायचं तर मला राग आला, चांगलाच राग. एक शब्द बाबा, पुढे कधीतरी, मी मोठी झाल्यावर, वकील झाल्यावर. माझी पाहायची सवय तर केव्हाच सुटली होती, मग सांगायला काय झालं होतं? आणि त्या रागातच माझ्या ध्यानात आलं की सुटली हे मी किती सहज म्हणते. आठवीत कधीतरी, चौथ्या की पाचव्या सभेला, मी मागे न पाहता उत्तर दिलं होतं. कोणता प्रश्न होता तेही आठवत नाही. आज कोर्टात उभी राहते, समोर कोण बसलंय आणि मागे कोण, याची पर्वा करत नाही. लोक म्हणतात, सुजाताताई निडर आहेत. निडर बिडर काही नाही. एका माणसानं आपली जागा सोडली होती.

जागा सोडली म्हणजे काय, ते मात्र मला परवाच कळलं.

परवा शनिवारी सम्यकच्या शाळेत गेले. आम्ही दोघंही गेलो. मिलिंदनं आपणहून सुट्टी टाकली, तुमचं नाव न घेता. हल्ली तिथे मुलंच आपापलं प्रोजेक्ट आईबापांना समजावून सांगतात. सम्यकनं विजेवर केलं होतं, आबाजींचं पॉवर हाउस म्हणून. थर्माकोलची चिमणी, कापसाचा धूर. बोलला बरं. मग त्याच्या टीचरनी मध्येच विचारलं, "कोळसा जळतो, पाणी तापतं. पण वीज नेमकी कशातून तयार होते?"

सम्यक थांबला. आणि बाबा, त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं.

तेच डोळे. माझेच. आणि माझी मान हलायला निघालीसुद्धा होती, सावकाश, खाली. मला माहीतच नव्हतं की ती माझ्याकडेही आहे. अर्ध्यावर सापडली मला. मी मान खाली घातली आणि बाकाकडे पाहत राहिले. बाकावर कोणीतरी कर्कटकानं बदाम कोरला होता, त्यात दोन अक्षरं. मिलिंदला मी कोपरानं ढोसलं, त्यानंही मान खाली घातली. मी ती दोन अक्षरं पुन्हा पुन्हा वाचली. वर पाहावंसं वाटत होतं. एकदाच, जरासं. किती सोपं होतं ते! तुम्ही हे तीन वर्षं कसं केलंत?

मग त्याचा आवाज आला. आधी बारीक, मग नेहमीचा. वाफ, चाक, चुंबक, असं काहीतरी सांगत होता. बरोबर होतं की नाही मला ठाऊक नाही, मी फक्त आवाज ऐकत होते. आणि ऐकता ऐकता माझी मान आपोआप हलली. एकदा खाली, सावकाश. तो आता पाहत नव्हता, म्हणून हलू दिली. शेजारच्या बाकावरची एक चिमुरडी मला पाहून फिस्सकन हसली. तिला वाटलं, या बाईला झोप लागली.

मी तिच्याकडे पाहतच राहिले. मला वैशाली आठवली. तुमच्या फोटोपुढे उभी राहून तिनं तुमच्या हलणाऱ्या मानेचं काय सांगितलं ते आठवलं, आणि ते लाकडी पार्टिशन.

बाबा, पाचवीतल्या त्या पोरी तुम्हाला हसत होत्या, तेव्हा पलीकडे मी बोलत होते ना?